त्यांनाही थंडी वाजते

मैत्रिणींनो, आज एका बाईंची गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय पुढचं लिहायला हात धजत नाही.

काही वर्षांपूर्वी बचत गटाच्या कामासाठी जवळच्या एका खेड्यात गेले होते. हिवाळ्याचे दिवस. मीटिंग एका घराच्या पडवीत होती. पाणी प्यायला आत गेले, तर मागच्या दारी गोठ्याच्या कडेला चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी पोत्यावर बसलेली. अंगात नुसता फ्रॉक. पायाला दोर आणि दोराचं दुसरं टोक खुंट्याला. माझ्याकडे बघून ती हसली. मी तिच्या आजीला विचारलं, तर त्या अगदी सहज म्हणाल्या की पोर मतिमंद आहे, सोडली की पळते, आणि तिला थंडीबिंडी काही कळत नाही. सोबतच्या बायकांनी माना डोलावल्या. मी चहा घेतला, गटाच्या वह्या तपासल्या आणि संध्याकाळच्या एसटीने घरी आले.

त्या रात्री दोन पांघरुणं घेऊनही मला झोप लागली नाही. पण केलं मात्र काहीच नाही. दुसऱ्याच्या घरातला मामला, आपण कोण सांगणाऱ्या? उगाच वाईटपणा कशाला घ्या? आपण सगळ्याच मनाची अशी समजूत घालतो ना?

पुढे वाचनालयात एका पुस्तकात डोरोथिया डिक्स भेटली. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी, अमेरिकेतल्या एका तुरुंगात तिलाही हेच ऐकावं लागलं होतं की या लोकांना थंडी कळत नाही. फरक एवढाच, की ती माझ्यासारखी गप्प राहिली नाही.

डोरोथियाचा जन्म ४ एप्रिल १८०२ चा, मेन प्रांतातल्या हॅम्पडेन या गावचा. वडील फिरते धर्मोपदेशक. घरात त्यांचं लक्ष कमी, पैसा त्याहून कमी. आई कायम आजारी. पाठचे दोन भाऊ. वडील छोट्या छोट्या धार्मिक पुस्तिका काढत आणि त्यांची पानं जुळवून शिवायचं काम या पोरीवर. भाऊ सांभाळायचे, आईचं बघायचं आणि उरलेल्या वेळात पुस्तिका शिवायच्या. आपल्याकडे थोरल्या मुलीच्या वाट्याला जे येतं, तेच तिच्याही वाट्याला आलं. बाराव्या वर्षी ती बोस्टनला आजीकडे राहायला गेली. आजी श्रीमंत, पण शिस्तीची फार कडक. तिथून ती वुस्टर गावी नात्यातल्या एका आजीकडे गेली. आणि गंमत बघा, चौदाव्या वर्षीच तिने लहान मुलांची शाळा काढली! मुलांपेक्षा मोठी दिसावी म्हणून म्हणे ती लांब झगे घालायची.

पुढे १८२१ साली तिने बोस्टनमध्ये शाळा काढली. मुलांना रोजच्या वस्तूंची माहिती देणारं तिचं पुस्तक १८२४ साली निघालं आणि ते इतकं खपलं, की वर्षानुवर्षं त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. पण तब्येत साथ देईना. खोकला पाठ सोडत नव्हता. त्यात कामाचा हव्यास. १८३६ साली ती पुरती कोसळली. मित्रमंडळींनी तिला इंग्लंडला पाठवलं. लिव्हरपूलच्या रॅथबोन कुटुंबाने तिला वर्षभर घरच्या मुलीसारखं सांभाळलं. वेड्यांना साखळीत न ठेवता मायेने वागवलं तर ते सुधारतात, हा विचार तेव्हा इंग्लंडमध्ये रुजत होता. त्याची ओळख तिला तिथे झाली असावी. ती परदेशात असतानाच आजी वारली. आजीने ठेवलेल्या पैशांमुळे १८३७ साली परत आल्यावर तिला पोटापाण्याची काळजी उरली नाही.

आता पस्तिशी उलटलेली, लग्न न झालेली, आजारी बाई. घरात आयतं खायला आहे. लोकांच्या हिशेबाने तिचं आयुष्य संपल्यातच जमा होतं. खरं तर ते तिथून पुढे सुरू झालं.

मार्च १८४१. बोस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिज इथल्या तुरुंगात स्त्री कैद्यांसाठी रविवारचा धर्मवर्ग घ्यायला कुणी बाई मिळेल का, असं एक तरुण विद्यार्थी तिला विचारायला आला. डोरोथिया म्हणाली की दुसरी कुणी कशाला, मीच जाते. तारीख होती २८ मार्च. बोस्टनचा मार्च म्हणजे हाडं गोठवणारी थंडी. वर्ग संपल्यावर ती तुरुंगात फिरली, तेव्हा एका कोठडीत तिला काही बायका दिसल्या. त्यांनी गुन्हा काहीच केला नव्हता. कुणी वेडी होती, तर कुणी जन्मापासून बुद्धीने कमी. ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून त्यांना तुरुंगात टाकलेलं. कोठडीत शेगडी नाही, ऊब नाही. डोरोथियाने शेगडी का नाही असं विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं की अशा माणसांना थंडी कळत नाही.

ती त्या माणसाशी भांडत बसली नाही. जवळच न्यायालयाचं कामकाज चालू होतं. तिने तिथे अर्ज दिला. त्या अर्जावर कोठडीला शेगडी मिळाली. एक बाई, एक अर्ज आणि एक शेगडी. तिच्या साऱ्या कामाचं बी यातच आहे, असं मला वाटतं.

पण तिच्या मनात प्रश्न राहिला. इथे असं आहे, तर बाकीच्या ठिकाणी काय असेल? तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये निराधारांची जबाबदारी त्या त्या गावावर असे. गावं गरीबखाने चालवत. काही ठिकाणी तर निराधार माणसाला सांभाळायचा लिलाव व्हायचा. लिलाव उलटा! जो सगळ्यात कमी पैशांत सांभाळायला तयार, त्याच्या हवाली माणूस. मग कमी पैशांत सांभाळायचं म्हणजे काय होणार, ते आपल्याला घर चालवणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको.

डॉक्टर सॅम्युएल हाऊ या अंध मुलांची शाळा चालवणाऱ्या समाजसेवकाची साथ घेऊन डोरोथिया निघाली. दीड वर्षाहून जास्त काळ ती त्या राज्यातले तुरुंग आणि गरीबखाने पालथे घालत होती. एकटी बाई, घोडागाडीचा प्रवास, बर्फाचे रस्ते. कुठे दार उघडायचे, कुठे तोंडावर आपटायचे. ती शांतपणे उभी राहायची. आत गेली की सगळं वहीत उतरवून घ्यायची. गाव कोणतं, माणूस कुठे ठेवलाय, खोली केवढी, अंगावर काय आहे, साखळी आहे का, किती वर्षं आहे, सांभाळणारा काय म्हणतो, शेजारी काय म्हणतात. जिथे बरं दिसलं तिथे बरं आहे असंही लिहायची. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जी बाई चांगलं असेल तर चांगलं लिहिते, तिचं वाईट लिहिलेलं खोटं म्हणणं अवघड जातं.

जानेवारी १८४३ मध्ये तिने राज्याच्या विधिमंडळाला निवेदन दिलं. तेव्हा बाईने सभागृहात उभं राहून बोलायची पद्धत नव्हती. मतदानाचा अधिकारसुद्धा नव्हता. तो साऱ्या अमेरिकेतल्या बायकांना मिळायला १९२० साल उजाडलं. म्हणून निवेदन तिचं, पण ते सादर केलं डॉक्टर हाऊ यांनी. ते त्या वेळी विधिमंडळाचे सदस्य होते.

त्या निवेदनात रडारड नव्हती. गावाचं नाव आणि त्याखाली दोन-चार ओळी. लिंकन गावात पिंजऱ्यात ठेवलेली बाई. मेडफर्डमध्ये बुद्धीने मंद असलेला एक जण साखळीला बांधलेला आणि दुसरा सतरा वर्षं एका अडगळीत कोंडलेला. सतरा वर्षं, मैत्रिणींनो! एवढ्यात आपलं तान्हं बाळ कॉलेजात जातं. ग्रोटनमध्ये एका तरुणाच्या गळ्यात लोखंडी कडं आणि त्याला साखळी. डॅनव्हर्समध्ये एका तरुण मुलीला मायेने सांभाळणारं कुणी नव्हतं. तिची घाणीत पडलेली अवस्था डोरोथियाने जशी दिसली तशी मांडली. हे सगळं त्या काळच्या प्रतिष्ठित स्त्रीने तोंडाने उच्चारायचं नाही, तिथे तिने ते राज्याच्या दप्तरी नोंदवलं.

आणखी एक गोष्ट तिने केली. सगळा दोष सांभाळणाऱ्यांच्या माथी मारला नाही. तुरुंग चालवणारा माणूस आजाऱ्याची शुश्रूषा करायला नेमलेला नसतो. गरीबखान्यात ना माणसं असतात ना पैसा. चूक मुळात अशा माणसांना तिथे टाकणाऱ्या व्यवस्थेची आहे, असं तिचं म्हणणं होतं.

तरी व्हायचा तो गदारोळ झालाच. काही गावांच्या कारभाऱ्यांनी वर्तमानपत्रांतून तिला खोटी ठरवलं. बाई हळवी आहे, तिखटमीठ लावून सांगते, गावाची बदनामी करते... ओळखीचं वाटतंय ना? कुणी असं काही उघड केलं, की पहिला प्रश्न छळाचा नसतोच, तो गावाच्या अब्रूचा असतो. पण तिच्या वहीत तारीख होती, जागा होती. डॉक्टर हाऊ आणि त्यांचे सहकारी पाठीशी उभे राहिले. शेवटी वुस्टरचं सरकारी मनोरुग्णालय वाढवायचा ठराव मंजूर झाला.

मग ती थांबलीच नाही. शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यात एका माणसाला दगडी कोठडीत कोंडून ठेवलं होतं, इतक्या थंडीत की भिंतींवर बर्फ धरायचं. तिने त्याची हकीकत १८४४ साली वर्तमानपत्रात दिली. तिथल्या सायरस बटलर नावाच्या धनवंताचा पैसा सुटायला महाकठीण, अशी ख्याती होती. ती थेट त्याच्या घरी गेली. तो हवापाण्याच्या गप्पा मारत विषय टाळत राहिला. तिने सरळ त्या कोठडीची गोष्ट सांगितली. बटलरने ४० हजार डॉलर दिले. अट एकच, तेवढेच पैसे इतरांनीही जमवावेत. ते जमले आणि त्याच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं.

न्यू जर्सीत तिच्या निवेदनावरून १८४५ साली ट्रेन्टनच्या रुग्णालयाचा कायदा झाला. पाठोपाठ पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय. तीन वर्षांत तिने दहा हजार मैलांहून जास्त म्हणजे सोळा हजार किलोमीटरचा प्रवास केला. १८ मोठी कारागृहं, ३०० जिल्हा तुरुंग, ५०० च्या वर गरीबखाने बघितले. आणि हे सगळं कुणी? छातीच्या दुखण्याने अर्धी झालेल्या बाईने!

नॉर्थ कॅरोलायनातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८४८ साली तिथे रुग्णालयाचा प्रस्ताव पडणार हे दिसत होतं. सरकारला खर्च नको होता. डोरोथिया ज्या हॉटेलात उतरली होती, तिथेच जेम्स डॉबिन या आमदाराची पत्नी लुईसा आजारी होती. डोरोथिया तिच्या उशाशी बसायची, तिचं सगळं बघायची. लुईसा वाचली नाही. जाताना तिने नवऱ्याकडून एकच मागून घेतलं, की त्याने डोरोथियाच्या प्रस्तावाच्या बाजूने उभं राहावं. बायकोचे अंत्यविधी उरकून डॉबिन सभागृहात आला आणि बोलला. प्रस्ताव मंजूर झाला. मतदानाचा हक्क नसलेल्या दोघी बायकांनी एक कायदा करून घेतला, असंच म्हणायला हवं.

याच १८४८ साली तिने थेट देशाच्या काँग्रेसकडे धाव घेतली. वेडे, फेफऱ्याचे रुग्ण आणि बुद्धीने मंद असलेली, काळजी घ्यायला कुणी नसलेली नऊ हजारांवर माणसं आपण स्वतः पाहिली आहेत, असं तिने त्या निवेदनात मांडलं. सरकारी जमिनीतून त्यांच्यासाठी वाटा काढावा, ही तिची मागणी. सहा वर्षं ती त्याच्या मागे होती. अखेर १ कोटी २२ लाख २५ हजार एकर जमिनीचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. आणि मे १८५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी त्यावर सही करायला नकार दिला! दानधर्म हे केंद्र सरकारचं काम नाही, असं त्यांचं म्हणणं. सहा वर्षांच्या कष्टांवर पाणी पडलं.

दुसरी कुणी असती तर खचली असती. ती विश्रांतीसाठी म्हणून युरोपात गेली आणि तिथेही तिचे पाय तुरुंगांकडेच वळले. स्कॉटलंडमधली दैना पाहून ती लंडनच्या मंत्र्यांपर्यंत गेली. सरकारी चौकशी बसली, १८५७ साली नवा कायदा झाला. रोममध्ये तर तिने पोप नववे पायस यांची भेट घेऊन त्यांच्याच शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळाची अवस्था त्यांच्या कानावर घातली. पोप स्वतः बघायला गेले आणि सुधारणेला लागले.

आता ती अगदी देवी होती असं मात्र समजू नका. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा उत्तरेच्या सैन्यातल्या परिचारिकांची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली. वय ३५ ते ५०, साधा काळा किंवा तपकिरी पोशाख, नटणंमुरडणं बंद, असे तिचे नियम. डॉक्टरांशी तिचे खटके उडायचे. हाताखालच्या बायकांशी जमवून घेणं तिला जमलं नाही. कॅथलिक जोगिणींबद्दल तिच्या मनात अढी होती. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे, दक्षिणेत इतकी हिंडूनही गुलामगिरीविरुद्ध तिने आवाज उठवला नाही. एका प्रकारच्या साखळ्या तिला दिसल्या, दुसऱ्या प्रकारच्या दिसल्या नाहीत. मोठ्या माणसांनाही सगळं दिसतंच असं नाही, हे आपण लक्षात ठेवलेलं बरं.

युद्ध संपल्यावर ती पुन्हा आपल्या कामाला लागली. तिने नव्याने उभी केलेली किंवा वाढवून घेतलेली रुग्णालयं तिसाच्या वर जातात. १८८१ पासून ती ट्रेन्टनच्या रुग्णालयातच राहिली. तिच्या धडपडीतून उभ्या राहिलेल्या त्या वास्तूने तिला शेवटपर्यंत खोली दिली. तिथेच जुलै १८८७ मध्ये तिने डोळे मिटले.

गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल. पण ती अर्धीच होईल.

ज्या ट्रेन्टनच्या रुग्णालयात ती गेली, तिथे वीस वर्षांनी, १९०७ साली हेन्री कॉटन नावाचे डॉक्टर प्रमुख झाले. वेड हे शरीरात दडलेल्या जंतूंमुळे लागतं, असं त्यांच्या डोक्यात बसलं. म्हणून त्यांनी रुग्णांचे दात उपटले, मग पोटातले अवयव कापून काढले. कित्येक जण त्यात मेले. फिलिस ग्रीनेकर या डॉक्टर स्त्रीने तिथली कागदपत्रं तपासून सत्य काय ते अहवालात लिहिलं. तो अहवाल दाबून ठेवला गेला! म्हणजे बघा, तक्रार लिहिणारी होती, पण ती ऐकणारं कुणी नव्हतं.

डॉक्टर हाऊ यांनी १८४८ साली बुद्धीने मंद असलेल्या दहा मुलांना घेऊन शाळा सुरू केली होती. ही मुलं शिकू शकतात हे दाखवण्यासाठी.  पण अशा माणसांना मोठाल्या इमारतींत समाजापासून तोडून ठेवणं धोक्याचं आहे, असा इशारा त्यांनी स्वतःच १८६६ साली दिला. तो खरा ठरला. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक या संस्थेत ४ हजार जणांच्या जागेत ६ हजारांवर मतिमंद मुलं-माणसं कोंबली होती. १९७२ साली एका डॉक्टरने किल्ली दिली आणि एक पत्रकार कॅमेरा घेऊन आत शिरला. उघडी, घाणीत लोळणारी मुलं देशाने टीव्हीवर पाहिली. डोरोथियाच्या निवेदनाला तेव्हा जवळजवळ १३० वर्षं झाली होती. आईबापांनी कोर्टात धाव घेतली आणि १९८७ साली ती संस्था कायमची बंद झाली. २०१३ पासून न्यूयॉर्क राज्यात अशा तक्रारींसाठी वेगळं सरकारी कार्यालय आणि चोवीस तासांची फोनसेवा आहे. तिथे संस्थेतल्या कर्मचाऱ्याला छळ दिसला तर कळवणं सक्तीचं आहे. गप्प बसायची मुभाच नाही.

म्हणजे इमारत बांधून काम संपत नाही. आत डोकावणारी नजर सतत लागते. दार बंद झालं, की आत काय होतं ते त्या मुलांना सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी त्यांचं कुणी खरं मानत नाही. आपल्याकडेही २०११ साली पनवेलजवळच्या एका संस्थेतल्या मतिमंद मुलींवरचे अत्याचार उघड झाले. मुंबई उच्च न्यायालयाने दखल घेतली आणि २०१३ साली दोषींना शिक्षा झाली. त्या मुलींना बोलता येत नव्हतं म्हणून काही झालंच नव्हतं, असं थोडंच आहे?

आता आपण काय करू शकतो? डोरोथियाकडे कायदा नव्हता, आपल्याकडे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा छळ होतोय किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं, तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. तालुक्याला तहसीलदार हे काम बघतात. नातेवाईकच असायला हवं असं नाही. कळवल्यावर छळ थांबवण्यासाठी तातडीने पावलं उचलणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. दिव्यांग माणसाला जाणूनबुजून उपाशी ठेवणं हासुद्धा या कायद्याने गुन्हा आहे. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल आणि लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. न कळवणं हा गुन्हा आहे आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. दिव्यांग स्त्रीवर अत्याचार झाला असेल, तर तिचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी, विशेष शिक्षक किंवा दुभाष्याला बसवून घ्यायची तरतूद आहे. तिला चौकीच्या पायऱ्या चढायला लावायची गरज नाही. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२, हे दोन नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा.

आणि वही ठेवा. काय दिसलं, कधी, कुठे, कुणी काय सांगितलं. वळ दिसला तर कुठल्या हातावर. मूल एखाद्या माणसाला बघून अंग चोरतंय का? अचानक जेवण सोडलं का? अंथरूण ओलं करायला लागलं का? ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहा, पाहिलेलं ते पाहिलेलं म्हणून. मुलीला दहा जणांसमोर उलटसुलट प्रश्न विचारू नका आणि गावभर बोलू नका. तिची अब्रूही आपल्याच हातात असते.

राहिली माझी कबुली. पुस्तक वाचल्यावर मी त्या खेड्यात परत गेले. या वेळी वही घेऊन. आई भेटली. ती पहाटेपासून दुसऱ्याच्या शेतात राबायची, नवरा परगावी. मुलगी एकदा विहिरीच्या काठाशी सापडली होती, म्हणून दोर. तिला बांधताना आईलाही बरं वाटत नव्हतं. मी अंगणवाडीच्या ताईंना सोबत घेतलं, तहसील कचेरीत लेखी अर्ज दिला. चौकशीला माणसं आली तेव्हा ती आई माझ्यावर फार चिडली, दोन महिने बोलली नाही. माझंही मन खात होतं. पण दोर सुटला. दिव्यांगाचा दाखला झाला, निराधार योजनेचे पैसे सुरू झाले, आणि दिवसा तालुक्याच्या विशेष शाळेत ती जाऊ लागली. तिथेही मी अधूनमधून न सांगता डोकावते. हे डोरोथियाने शिकवलं.

मध्यंतरी संक्रांतीला गेले होते. मुलगी दारातच उभी होती. अंगात लाल स्वेटर. आईने तिळगूळ हातावर ठेवला आणि हळूच सांगितलं, की थंडी वाजली की ही आता स्वतःच स्वेटर मागते.

तिला थंडी आधीही वाजतच होती. आम्ही कुणी विचारलं नव्हतं एवढंच.